तार आली तेव्हा टाळ्या चालू होत्या

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव थॉमस डोर्सी. थॉमस अँड्र्यू डोर्सी. दोनदा सांगतोय, कारण त्याच काळात अमेरिकेत टॉमी डोर्सी नावाचे एक गोरे बँडवाले जोरात होते, आणि आजही दोघांची सरमिसळ होते. ते टॉमी ट्राँबोन वाजवायचे. त्यांच्याशी आज आपलं काही काम नाही. आपले डोर्सी काळे, पियानोवाले, शिकागोचे.

आता गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान, हे नगरच्या किंवा वसईच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पण गॉस्पेल संगीत म्हटलं की अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गेल्या शतकात घडलेलं भक्तिसंगीत डोळ्यांपुढे येतं. टाळ्या, पियानो, एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची. आपल्या भजनात होतं तसंच, म्हणा ना. या संगीताचा जनक म्हणून डोर्सींचं नाव घेतात.

जन्म 1 जुलै 1899चा, जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका गावचा. वडील धर्मोपदेशक, पण पोटासाठी दुसऱ्याची जमीन बटईने कसणारे. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पुढे बिऱ्हाड अटलांटा शहरात आलं. तिथे एका नाटकगृहात हा पोरगा सोडावॉटर विकायचा आणि विकता विकता पियानोवाल्यांची बोटं बघायचा. शिकवणी अशी. थोडा मोठा झाल्यावर लोकांच्या घरच्या मैफलींत, रात्रीच्या अड्ड्यांवर वाजवू लागला आणि तिथून शिकागोला गेला.

शिकागोत 1924 साली मा रेनी या ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या लौकिक गाण्यांच्या, मोठ्या गायिकेच्या बँडचा तो प्रमुख झाला. मा रेनीची रंगमंचावर यायची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. माणूस मावेल एवढा अवाढव्य ग्रामोफोन मंचावर ठेवलेला असे. त्यात आतून गाणं सुरू व्हायचं, लोकांना वाटायचं तबकडी लागली, आणि मग दार उघडून बाई बाहेर यायच्या! या बाईंचे कपडे सांभाळायला नेटी नावाची मुलगी होती. 1925 साली डोर्सींनी तिच्याशी लग्न केलं. नेटी. हे नाव लक्षात ठेवा.

मधल्या काळात डोर्सी आजारी पडले. आजार मनाचा होता. जवळजवळ दोन वर्षं हाताला काम नाही आणि घर नेटीच्या कमाईवर. त्यातून उठले ते देवाची गाणी लिहायची असं ठरवूनच उठले. पण 1928 साली टँपा रेड या गिटारवाल्याबरोबर त्यांनी एक चावट, दुहेरी अर्थाचं गाणं केलं आणि नेमकं तेच तुफान चाललं! म्हणजे एका खिशात देवाचं गाणं, दुसऱ्या खिशात फडातलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. लावण्या रचणारे रामजोशी कीर्तनालाही उभे राहत, हे आपण वाचलेलं आहे.

शिकागोच्या प्रतिष्ठित काळ्या चर्चना मात्र हे नवल सोसेना. तिथे युरोपातली शिस्तशीर रचना गायची, कागदावर असेल तेवढीच. डोर्सींच्या गाण्यात सूर दाबलेला, अक्षर ओढलेलं, ताल अंगात शिरणारा. दारूच्या गुत्त्यातला पियानो चर्चमध्ये आणला म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना दार दाखवलं. चांगल्या चांगल्या चर्चमधून मला हाकललंय, असं ते म्हातारपणी मिटक्या मारत सांगायचे.

वाद्याला दोष देण्याची खोड फक्त तिकडचीच नाही बरं का. जिथून मी बोलतोय त्या रेडिओनेच आपल्या देशात 1940 साली हार्मोनियमला बंदी घातली होती, आणि 1971पर्यंत ती काही उठली नाही. घराघरात, देवळादेवळात पेटी, आणि रेडिओवर पेटी नको! असो. पेटीबद्दल बोलू लागलो की मी थांबत नाही.

तर गाण्यांचे कागद छापून, टपालाने पाठवून, दारोदार हिंडून डोर्सी विकत होते. 1930 साली शिकागोला बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं मोठं अधिवेशन भरलं. त्यात त्यांचं एक गाणं उचललं गेलं आणि कागद हातोहात खपले. 1932 साली पिलग्रिम बाप्टिस्ट चर्चने त्यांना गायकवृंद सांभाळायला बोलावलं. बरं चाललं होतं. नेटीला दिवस गेले होते.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येतो. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी या गोष्टीसाठीच मागून घेतलं.

ऑगस्ट 1932. शिकागोत कडक उन्हाळा. सेंट लुइस शहरात मोठी धर्मसभा होती आणि तिथे डोर्सींना गायचं होतं. अंतर शिकागोपासून सुमारे पाचशे किलोमीटर. नेटीचा शेवटचा महिना चालू. जायचं मन नव्हतं, पण शब्द दिलेला. नेटीचा निरोप घेतला, जिना उतरले, फोर्ड गाडी काढली आणि निघाले. शहराबाहेर पडल्यावर लक्षात आलं की गाण्यांच्या कागदांची पेटी घरीच राहिली.

गाडी वळवली. परत आले. बघतात तर नेटी शांत झोपलेली. पलंगाशी थोडा वेळ उभे राहिले. आतून कुणीतरी सांगत होतं, जाऊ नकोस. आपल्याकडे निघताना काही विसरलं आणि परत यावं लागलं, तर घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. टेक जरा, पाणी पी, मग जा. डोर्सींना असं म्हणणारं कुणी नव्हतं. नेटीला उठवायला नको, म्हणून त्यांनी आवाज न करता पेटी उचलली आणि पुन्हा जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी रात्री सेंट लुइसला सभा रंगात आली होती. उकाडा, गर्दी. लोक पुन्हा पुन्हा गायला लावत होते. एक गाणं संपवून डोर्सी खाली बसतात न बसतात, तोच एक पोऱ्या धावत आला. हातात तार.

तार म्हणजे काय, हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. दारात तारवाला दिसला की घरात आधी रडं सुरू व्हायचं, मग तार उघडायची. माझ्या आजीने तर नातवाच्या नोकरीची तार आली तेव्हाही आधी भिंतीला हात टेकला होता. आपल्याकडची तार 2013 साली बंद झाली. आता वाईट बातमीसुद्धा लग्नाच्या फोटोंच्या मधोमध फोनवर येऊन पडते. मला हे पटत नाही. वाईट बातमीला निदान स्वतःचा कागद तरी असावा.

डोर्सींनी तार फोडली. बायको वारली, एवढाच मजकूर.

आणि सभेला यातलं काही माहीत नाही. लोक टाळ्या वाजवतायत, गातायत. ज्या गाण्याने सभेला रंग चढला ते गाणं लिहिणारा माणूस हातात तार घेऊन मधोमध बसलाय, आणि टाळ्या थांबत नाहीत. डोर्सींनी आयुष्यभर ही गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या सांगण्यातही त्या टाळ्या येतात.

त्यांनी धावत जाऊन घरी फोन लावला. पलीकडून एकच ऐकू येत होतं, नेटी गेली, नेटी गेली.

शिकागोला पोहोचल्यावर कळलं, मुलगा झालाय. बाळ होतं! एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू, अशी अवस्था. आणि त्याच रात्री बाळही गेलं. मायलेकरांना एकाच शवपेटीत ठेवून पुरलं.

त्यानंतर डोर्सी घरात कोंडून बसले. देवाने आपल्यावर अन्याय केला, असं त्यांना वाटत होतं. देवाची गाणी आता पुरे, परत ब्लूजकडे जावं, इथपर्यंत मन गेलं. थिओडोर फ्राय हा त्यांचा गायक मित्र. काही दिवसांनी एका शनिवारी संध्याकाळी तो त्यांना बाहेर काढून पोरो कॉलेज नावाच्या संस्थेत घेऊन गेला. खोलीत शांतता, पियानो, पडद्यातून येणारी तिरपी उन्हं. डोर्सी पियानोशी बसले आणि बोटं चाळवू लागले. हाताला एक जुनी चाल लागली. एकोणिसाव्या शतकातल्या एका धर्मगीताची, सगळ्यांच्या तोंडातली चाल. तिच्यावर शब्द येऊ लागले. प्रभू, माझा हात धर, मी थकलोय, मला घरी ने, अशा अर्थाचे.

आणि आता ऐका, या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. डोर्सींनी आधी म्हटलं होतं, ‘ब्लेसेड लॉर्ड’. धन्य प्रभू. फ्राय म्हणाला, असं नको, ‘प्रेशस’ म्हण. बघा, एका शब्दाचा फरक. धन्य हा शब्द देव्हाऱ्यातला, आपण हात जोडून लांबून म्हणतो. प्रेशस म्हणजे लाखमोलाचा. आई मांडीवरच्या लेकराला ‘माझं सोनं’ म्हणते, त्या जातीचा शब्द. आपल्या संतांनी विठ्ठलाला माउली म्हटलं ते याच ओढीने. डोर्सींना ते तिथल्या तिथे पटलं. ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं ते असं झालं. शब्द डोर्सींचे, चाल जुनी, हात ब्लूजवाल्याचा, आणि एक शब्द मित्राचा.

ब्लूजकडे जाणं राहिलं ते राहिलंच.

पुढचं भराभर सांगतो, घड्याळ मला दिसतंय. सॅली मार्टिन नावाच्या खमक्या बाई त्यांच्याबरोबर आल्या. गाण्यांच्या विक्रीचा हिशेब म्हणून काही नाही हे बघून त्यांनी धंदा हातात घेतला आणि वळणावर आणला. गायकवृंदांचं देशभराचं संमेलन उभं राहिलं, आणि डोर्सी कित्येक दशकं त्याचे अध्यक्ष होते. महेलिया जॅक्सन ही तरुण गायिका त्यांची गाणी गात गावोगाव हिंडली. ‘पीस इन द व्हॅली’ हे गाणं त्यांनी 1937 साली तिच्यासाठी लिहिलं, आणि वीस वर्षांनी, 1957 साली, एल्व्हिस प्रेस्ली या रॉक अँड रोलच्या गाजलेल्या गायकाने ते दूरचित्रवाणीवर गायलं.

आणि 4 एप्रिल 1968. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग, ज्यांनी 1959 साली आपल्या मुंबईत मणिभवनात मुक्काम केला होता तेच, मेम्फिस शहरात लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे होते. खाली बेन ब्रँच हा सॅक्सोफोनवाला दिसला. किंग त्याला म्हणाले, आज रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजव, छान वाजव. आणि गोळी लागली. पाच दिवसांनी किंग यांच्या अंत्यविधीत महेलियाने ते गाणं म्हटलं. 1972 साली महेलिया गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत गायिका अरीथा फ्रँकलिनने म्हटलं.

डोर्सी 23 जानेवारी 1993ला शिकागोतच गेले, वयाच्या 93व्या वर्षी. शेवटी स्मृतिभ्रंश झाला होता.

जाता जाता एक तक्रार. हल्ली गाणं लावताना फक्त गाणाऱ्याचं नाव सांगतात. कधी कधी तेही नाही. आमच्या रेडिओवर तीन नावं घेतल्याशिवाय सुई तबकडीवर टेकत नसे. गीतकार, संगीतकार, गायक. तशी पद्धत असती तर महेलियाचं गाणं, एल्व्हिसचं गाणं, अरीथाचं गाणं म्हणता म्हणता ते लिहिणारा माणूस असा मागे पडला नसता. तुम्ही म्हणाल, या बुवाला काय पडलंय. पडलंय खरं.

तेव्हा रीतसर. गीत थॉमस ए. डोर्सी. चाल पारंपरिक धर्मगीताची, बांधणी डोर्सी यांचीच. ‘प्रेशस’ हा शब्द थिओडोर फ्राय यांचा. ध्वनिमुद्रण 1956चं. आणि गायिका महेलिया जॅक्सन.