ओट्सची जोडी: काय घालायचं आणि केव्हा

[दृश्य: जाड बुडाच्या कोरड्या कढईत पसरलेले रोल्ड ओट्स, अगदी जवळून]

कढई मंद आचेवर आहे. आत लोणी नाही, तेल नाही, नुसते ओट्स. कालथा थांबू द्यायचा नाही. तीन-चार मिनिटांनी चकत्यांच्या कडा बदामी व्हायला लागतात आणि खमंग वास सुटतो. दाण्यातली थोडीशी साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेनं एकत्र येतात, त्यातून हा वास तयार होतो. अक्रोड, बदाम, तीळ, कोको, कॉफी यांचा सुगंधही असाच भाजण्यातून येतो. म्हणून ओट्सशी यांचं चटकन जमतं. याच कारणासाठी ओट्स आधी भाजून घ्यावेत. न भाजता शिजवले तर सोबतच्या जिनसांना धरायला काही मिळत नाही.

[दृश्य: तळहातावर घेतलेले थोडे ओट्स, एक चिमूट तोंडात टाकली जाते]

त्याआधी एक तपासणी करायची. ओट्समध्ये सुमारे 7 टक्के स्निग्धांश असतो, गव्हात तो 2 टक्क्यांच्या आसपास. शिवाय हा स्निग्धांश फोडणारं लायपेज नावाचं विकरही ओट्समध्ये भरपूर असतं. ते थांबवण्यासाठी कारखान्यात दाण्याला वाफ देतात. तरीही पाकीट बरेच दिवस उघडं राहिलं की हवेनं ओट्स खवट होतात. चिमूटभर कोरडेच चावून पाहा. मागाहून कडवटपणा आला किंवा जुन्या तेलासारखा वास आला, तर ते वापरू नका. खवटपणा दालचिनीनं झाकत नाही, उलट गरम झाल्यावर जास्तच जाणवतो.

[दृश्य: पातेल्यात रटरटणारे ओट्स, चमच्यावरून ओघळणारा दाट थर]

आता हा दाटपणा पाहा. तो पिष्टामुळे येतो आणि बीटा-ग्लुकान नावाच्या विद्राव्य तंतूमुळेही. दाट पदार्थातून मीठ, साखर आणि सुगंध जिभेपर्यंत, नाकापर्यंत हळू पोचतात. म्हणून जी वेलची कपभर दुधाला पुरून उरते, ती वाटीभर ओट्समध्ये गायब झाल्यासारखी वाटते. लोक मग वेलची वाढवतात, साखर वाढवतात, आणि पदार्थ गोड पण सपकच राहतो. खरी गरज असते मिठाची, थोड्या आंबटाची आणि दाताखाली येणाऱ्या कुरकुरीत काहीतरीची.

मिठाचं प्रमाण असं: अर्धा कप रोल्ड ओट्स, एक कप पाणी किंवा दूध, आणि अष्टमांश चहाचा चमचा मीठ. मीठ सुरुवातीलाच द्रवात विरघळवा. नंतर वरून घातलेलं मीठ वरच राहतं, एक घास खारट लागतो आणि पुढचा अळणी. गोड ओट्सनाही हे मीठ हवंच.

[दृश्य: छोट्या भांड्यात वितळणारं लोणी, त्यात पडणारी दालचिनी पूड]

दालचिनी पाण्यावर भुरभुरली की तिच्या गुठळ्या होतात, शिवाय पाण्यात फुगून ती बुळबुळीत होते. एक चमचा लोणी वितळवा, दोघांसाठी पाव ते अर्धा चमचा पूड त्यात मंद आचेवर 30 सेकंद परता आणि मग ओट्समध्ये घाला. तिचा सुगंध स्निग्धांशात चांगला उतरतो. अर्ध्या चमच्यापुढे गेलात तर तुरटपणा येतो. वेलची आणि व्हॅनिला यांचं उलट आहे. त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडतो, म्हणून आच बंद केल्यावरच घालावीत. जायफळ किसणीवर दोनदा घासलं तरी पुरे.

[दृश्य: सफरचंदाचे चौकोनी तुकडे लोण्यात परतले जात आहेत]

फळांमध्ये सफरचंदाची जोडी सर्वात भरवशाची. एका सफरचंदाचे सेंटिमीटरभर आकाराचे तुकडे, 10 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, कडा लालसर होईपर्यंत परता. अर्धे तुकडे शिजत्या ओट्समध्ये ढवळून मिसळा, उरलेले वाढताना वर ठेवा. मिसळलेले तुकडे मऊ होऊन गोडी पसरवतात, वरचे आपला आकार आणि आंबटपणा टिकवतात. शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस घालायचा. पण तो कधी, हे दुधावर ठरतं.

[दृश्य: दुधात शिजलेल्या ओट्समध्ये लिंबाचा रस पडतो, कडेनं बारीक पांढरे कण दिसू लागतात]

हे दूध फाटलं. साध्या तापमानाला दुधातलं केसीन नावाचं प्रथिन 4.6 सामूला (सामू म्हणजे pH, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साकळतं, गरम दुधात त्याहून कमी आंबटपणाही पुरतो. बेरी, संत्रं, लिंबू, आंबट सफरचंद, सगळ्यांनी हे होऊ शकतं. खायला अपाय नाही, पण पोत चरबरीत होतो. आंबट फळ घालायचं असेल तर ओट्स पाण्यात शिजवा, वाटीत काढून थोडे निवू द्या आणि मग दूध किंवा क्रीम कडेनं सोडा. संत्र्याच्या बाबतीत आणखी सोपी वाट आहे. रस वापरूच नका, सालीचा वरचा केशरी थर किसून घाला. सुगंध पूर्ण मिळतो, आम्ल जवळपास नाही. किसताना पांढऱ्या भागापर्यंत जाऊ नका, तो कडू असतो.

[दृश्य: काचेच्या बरणीत दूध, दही आणि ओट्स यांचे थर]

रात्रभर भिजवायच्या ओट्समध्ये ओट्स आणि द्रव समसमान घ्यायचे, द्रवात निम्मं दूध, निम्मं दही. इथे कच्चं अननस, किवी किंवा पपई रात्रीच मिसळली तर सकाळी बरणी कडू लागते. या फळांतली विकरं दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि ते तुकडे कडवट असतात. फळ तीन-चार मिनिटं उकळून घेतलं की विकरं निकामी होतात, डब्यातल्या अननसात ती आधीच निकामी झालेली असतात. नाहीतर कच्चं फळ खायच्या वेळीच घाला. चिया बिया आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढतात. एक मोठा चमचा चिया घातला तर पाव कप द्रव वाढवा. मनुका, खजूरही पाणी पितात, त्यांच्यासाठी एक-दोन चमचे जास्त. अक्रोड, बदाम रात्री घातले तर मऊ पडतात, ते सकाळीच.

कोको वापरताना अर्ध्या कप ओट्सला एक मोठा चमचा पुरतो. तो आधी गरम पाण्यात कालवून गुळगुळीत करा, आणि तो पाणी शोषतो म्हणून दोन-तीन चमचे द्रव वाढवा. पिकलेलं केळं, शेंगदाणे आणि संत्र्याची किसलेली साल, तिन्ही कोकोबरोबर उत्तम.

[दृश्य: रुंद कढईत मशरूम, पाणी आटून तळ लालसर होत आहे]

ओट्स गोडच असायला हवेत असा समज आहे. खरं तर त्यांची सर्वात भरलेली चव खारट पदार्थांत मिळते. यासाठी स्टील-कट ओट्स घ्या, म्हणजे अख्ख्या दाण्याचे दोन-चार तुकडे केलेले. एक कप ओट्सला साधारण चार कप बिनमिठाचा किंवा कमी मिठाचा भाजीचा स्टॉक, गरम. बिनमिठाचा यासाठी की तो 25 मिनिटं आटतो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी जास्त होतं. कांदा लोण्यात मऊ करा, त्यात ओट्स दोन-तीन मिनिटं परता, मग स्टॉक.

मशरूम वेगळ्या कढईत. कढई रुंद हवी आणि तुकडे एकमेकांवर चढलेले नकोत, नाहीतर सुटलेलं पाणी आटत नाही आणि ते उकडले जातात. लाल रंग आल्यावरच मीठ. एक चमचा सोया सॉस याच कढईत घाला, तळाला लागलेली चव सुटून येते. सगळं ओट्समध्ये मिसळल्यावर आच बंद करा आणि मगच 40 ग्रॅम किसलेलं, चांगलं मुरलेलं चीज घाला. उकळत्या ओट्समध्ये चीजचं तेल सुटतं आणि उरलेल्या भागाच्या तारा होतात. वर भरपूर मिरपूड, थोडा लिंबाचा रस आणि मऊ बलकाचं अंडं. बलक फुटला की तोच सॉस होतो.

आलं, कांद्याची पात आणि भाजलेल्या तिळाचं तेल हा दुसरा मेळ. आलं सुरुवातीला, पात शेवटी, आणि तेल वाटीत काढल्यावर थेंब-थेंब.

उरलेले खारट ओट्स फ्रिजमध्ये घट्ट बसतात, हा त्यांचा गुणच. गरम असतानाच सपाट डब्यात दाबून भरा, रात्रभर ठेवा, सकाळी दीड सेंटिमीटर जाडीचे काप करा. तव्यावर थोडं तेल, मध्यम आच, प्रत्येक बाजूला चार-पाच मिनिटं. काप तव्यापासून आपोआप सुटेपर्यंत कालथा घालू नका, घाईत उलटलेला काप मधोमध मोडतो.