आजोबा चालत मुंबईला आले

(दृश्य: पहाट. मुलुंडमधल्या एका सोसायटीची मागची भिंत. पलीकडे झाडी.)

भिंतीच्या अलीकडे स्कूटर, पाण्याची टाकी, दुधाच्या पिशव्या. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल. बिबट्याला ही भिंत म्हणजे निवांत बसायची जागा.

(दृश्य: झाडाच्या बुंध्याला बांधलेला कॅमेरा.)

बिबट्यांची मोजणी अशा कॅमेऱ्यांनी होते. प्रत्येकाच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी, इतकी की एकाच बिबट्याची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, कॅमेऱ्यांची जोडी लावतात. २०१५च्या मोजणीत इथं ३५ बिबटे ओळखले गेले.

२००२ ते २००४ या काळात इथल्या वस्त्यांवर बिबट्यांचे हल्ले झाले. माणसं गेली, लहान मुलं गेली. तेव्हा सगळीकडे उपाय एकच ठाऊक होता: पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. जुन्नर भागातल्या अभ्यासानं मात्र दाखवलं, की जिथं असे पकडलेले बिबटे सोडले, तिथंच हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि मागे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच.

(दृश्य: नकाशा. माळशेज घाटातून पश्चिमेकडे सरकणारी रेघ.)

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क आणि शांत, म्हणून अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्यांना माळशेज घाटात सोडलं, आणि आजोबा चालू लागले. महामार्ग, रेल्वेचे रूळ, कारखाने, शेवटी वसईची खाडी. शंभराहून जास्त किलोमीटर चालून ते आपल्या या जंगलात पोचले.

राष्ट्रीय उद्यानाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हद्द दिली. ती हवीच. नसती, तर या डोंगरावर केव्हाच प्लॉट पडले असते. पण जनावराचं जगणं हद्दीत मावत नाही. राखीव जंगल हा त्याचा अधिवास, आणि एका अधिवासातून दुसऱ्यात जायची वाट म्हणजे भ्रमणमार्ग. मला विचाराल तर आपलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालं ते या वाटांकडे.

(दृश्य: खाडीकाठ, ओहोटी.)

खाडीकाठी जरा थांबू या. हे तिवर. याचं पान उलटं करून जिभेला लावा, खारट लागेल. मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवनं, म्हणजे खाडीकाठची अशा झाडांची जंगलं, तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष आला. उजाड जागी रोपं लावतात, पण भरावानं भरतीचं पाणी अडलेलं असेल तर ती तग धरत नाहीत. अडलेलं पाणी पुन्हा खेळतं करा. मग पुष्कळदा भरतीबरोबर वाहत आलेलं बी आपणहून रुजतं.

(दृश्य: पुन्हा भिंत. कचऱ्याचा ढीग, कुत्री.)

बिबट्याच्या बाबतीतही काम असंच, मुळाशी जाऊन करायचं. उघड्यावर कचरा पडला की कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. म्हणून कचरा रोज उचलायचा, वाटेवर दिवा ठेवायचा, अंधारात लहान मुलांना एकटं सोडायचं नाही. बिबट्या दिसला म्हणून घोळका करायचा नाही, आणि नुसता दिसला म्हणून पिंजराही मागायचा नाही.

पाड्यांवरच्या वारल्यांना हा शेजार नवा नाही. ते बिबट्यालाही वाघच म्हणतात, आणि वाघबारसेच्या सणाला वाघोबा या देवाची पूजा करतात.

(दृश्य: रात्र. महामार्ग, गाड्यांचे दिवे.)

डिसेंबर २०११. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेनं एक बिबट्या गेला. कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपवरून ओळख पटली. आजोबाच होते. माळशेजहून येताना इतके रस्ते त्यांनी रात्रीचे, सांभाळून ओलांडले होते. हा ओलांडता आला नाही.