कडुलिंबाखालची मारुती : वेल्डिंगशिवाय गंजदुरुस्ती

सोलापुरात विजापूर रस्त्यालगतच्या एका वसाहतीत, कडुलिंबाच्या सावलीत उभी असलेली ही मारुती ८०० मुंबईत काही वर्षे चालून मग इथे आली. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या या मॉडेलच्या गाडीला सोलापूरची कोरडी हवा खरे तर मानवायला हवी होती. परंतु समुद्रकाठचे मीठ पत्र्याच्या जोडांत बसून राहते, हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पर्जन्यछायेतल्या गावातही गंज आतल्या आत चालूच ठेवते.

चालकाच्या पायाखालचे रबरी मॅट उचलून त्याखालचा नमदा पिळला, तेव्हा पाणी निघाले. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत पुढे सरकतात. धड पत्रा टणटण वाजतो. गंजलेला भद्द वाजतो आणि टोक दाबताच पापुद्रा फुटून स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला आधी फोड येतो. वरून रुपयाएवढा दिसणारा हा फोड खरवडल्यावर तळहाताएवढा निघाला.

इथे वेल्डिंग टाळण्याला कारण आहे. एक मिलिमीटरहूनही पातळ पत्रा गॅसच्या ज्योतीने ताणला जातो, त्याला नवी भोके पडतात, आणि उलट बाजूचा जळलेला रंग जिथे ब्रश पोचत नाही तिथे पुन्हा गंजाला वाट करून देतो. मात्र वेल्डिंगऐवजी तुकडा चिकटवण्याची ही सोय सगळीकडे चालत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सारा भार वाहते. त्यामुळे दाराखालची पेटी, सस्पेन्शनचे आधार, सीटबेल्टचे बोल्ट आणि जॅक लावण्याची जागा गंजली असेल, तर वेल्डिंगच केले पाहिजे. चिकटवलेला तुकडा पाणी अडवतो, धडकेचा भार पेलत नाही. इथले भोक या सगळ्या जागांपासून दूर, तळाच्या सपाट भागात आहे, म्हणूनच हे काम हाती घेतले.

गंजलेला भाग चकचकीत धातू दिसेपर्यंत कापून काढला. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले की त्याचा काळसर, घट्ट थर होतो. पण राहिलेले आम्ल ओल्या फडक्याने पुसून पत्रा पूर्ण वाळवला नाही, तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही, आणि घाईत नेमकी हीच पायरी सुटते. मग जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा तुकडा, भोकाच्या चारही बाजूंना एक इंच जास्त ठेवून कापला, कोपरे गोल केले, पॉलिश पेपरने खरबरीत केला. दोन भागांचे इपॉक्सी कालवून कडेला पसरले आणि तो रिव्हेटने आवळला. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी चाळिशीपार पारा असताना हे मिश्रण डब्यातच घट्ट होऊ लागते, म्हणून मिस्त्रींनी सकाळी सातलाच काम धरले. दुसऱ्या दिवशी जोडावर सीलंट, वर प्रायमर, आणि गाडीच्या खालच्या बाजूने अंडरकोटिंग झाले.

भोकावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे स्वस्त पडते, आणि विकाऊ गाड्यांत ते सर्रास दिसते. लांबी पाणी शोषते. तिच्या मागे पत्रा उरलेलाच नसतो. गाडी घेणाऱ्याची ही सरळ फसवणूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मूळ कारणाकडे येऊ. समोरच्या काचेखालच्या जाळीत कडुलिंबाची पाने कुजून चिखल झाला होता, त्यामुळे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत उतरत होते. दारांच्या तळाची बारीक भोकेही मातीने बुजली होती. सायकलच्या आऱ्याने ती मोकळी करताच तांबूस पाणी अंगणात ठिबकले. जाळी धुतली, काचेच्या रबराच्या फटी सीलंटने बुजवल्या.

नमदा अजून उन्हात वाळतो आहे. उघड्या तळावर वर्तमानपत्र अंथरून काचेवर दोन बादल्या पाणी ओतले. अर्ध्या तासाने मिस्त्रींनी कागद उचलून उजेडाला धरला. एकही ओला ठिपका नव्हता.