कुसुंबी

(दृश्य : सिन्नर तालुका. हरभऱ्याच्या शेताची कड. पहाट सरून उजाडतंय.)

करडई खुडायची तर हीच वेळ. ऊन चढलं की काटे टणक होतात आणि हात रक्ताळून निघतात. दव असेपर्यंत ते जरा नमतात.

आजींचे हात बघा. बोंड दोन बोटांत धरायचं, वरचा झुबका चिमटीत घ्यायचा, अलगद ओढायचा. पिवळ्याधमक पाकळ्यांना हात लावायचा नाही. नारिंगी-लाल होऊन ज्यांनी मान टाकली, त्याच घ्यायच्या. तोवर खाली दाणा धरलेला असतो, म्हणून पाकळी काढली तरी तेलाला धक्का लागत नाही.

नाशिककडे करडई माहीत आहे ती तेलामुळे आणि भाजीमुळे. थंडीत गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कोवळ्या पानांच्या जुड्या येतात. लसणाची फोडणी, वर बाजरीची भाकरी. शेतकरी ती शेताच्या कडेने पेरत आला तो काट्यांसाठी, गुरं आत शिरू नयेत म्हणून. फुलासाठी करडई लावली, असं सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही.

आणि तरी या फुलाने एका रंगाला नाव दिलंय. करडईला संस्कृतात म्हणतात कुसुंभ. त्यावरून कुसुंबी. गुलाबीपेक्षा गडद, लालापेक्षा हळवा, किंचित जांभळ्याकडे कललेला.

आता पुन्हा फूल बघा. यात गुलाबी कुठे आहे? दिसत नाही ना. आम्हालाही दिसला नव्हता.

(दृश्य : येवला. मागाचा आवाज. पदराचं काम.)

हे येवलं. नाशिकपासून साधारण ऐंशी किलोमीटर. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय, समोर रेशमाचा ताणा, म्हणजे उभे धागे. पदरावरचा मोर धोट्याने विणला जात नाही. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी, आणि जिथे तो रंग संपतो तिथूनच ती मागे वळवायची. मोराच्या मानेवर निळा संपला, हिरवा सुरू झाला, की दोघांचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जायचं. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो.

या पैठणीचं अंग कुठल्या रंगाचं, असं विचारलं. मान वर न करता उत्तर आलं, "कुसुंबी."

शेजारच्या मागावर राणी. भिंतीच्या बाजूला डाळिंबी. पलीकडे अबोली. एका खोलीत गुलाबीच्या चार तऱ्हा, आणि चौघींना आपापलं नाव. अबोली फुलावरून, डाळिंबी फळावरून. ताणा कुसुंबी आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, हिरवा घेतला की धूपछांव होते. पदर असा धरला तर गुलाबी, तसा धरला तर हिरवट. कॅमेरा ते अर्धंच पकडतो. येवल्यात जाऊन हातात धरून बघा.

मग विचारलं, कुसुंबी म्हणजे कशाचा रंग? विणकर थोडा थांबला. रेशीम रंगून येतं, म्हणाला. रंगाच्या डब्यावर नंबर असतो.

नाव मागावर टिकलंय. फूल रंगाच्या भांड्यातून कधीच निघून गेलंय.

(दृश्य : पंचवटी, जुन्या वाड्याचा चौक. परात, मलमलच्या पुरचुंडीत सुकलेल्या पाकळ्या.)

म्हणून हा प्रयोग. कित्येक सकाळी खुडून, सावलीत वाळवून जमलेल्या या पाव किलो पाकळ्या.

पहिलं काम, पिवळा काढून टाकायचा. पुरचुंडी थंड पाण्यात बुडवायची, तिंबायची, पिळायची. पाणी हळदीसारखं पिवळं होतं. ते ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. पुन्हा तिंबायचं. सुती कापडाला हा पिवळा धरतच नाही, पण तो राहिला तर गुलाबी कधी निर्मळ उतरत नाही. पाकळीत पिवळाच भरमसाट असतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते लाल द्रव्य, कार्थामिन, पाकळीच्या वजनात शेकडा एक भागही नसतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पिवळा वाहून जातो आणि ते पाकळीतच बसून राहतं.

अकरावं पाणी. आता बघा, जवळजवळ नितळ. आणि पाकळ्यांचा रंग बदललाय. नारिंगी गेला, लाल उरला.

आता पापडखार. ओल्या पाकळ्यांवर खार टाकायचा, हाताने चोळायचा, थंड पाणी घालून ठेवून द्यायचं. थंडच. पहिल्या खेपेला घाई होती म्हणून आम्ही पाणी तापवलं आणि सगळा लगदा मातकट झाला. दोन आठवड्यांची खुडणी मोरीत गेली. पळस उकळला तर रंग देतो, कुसुंब उकळला तर रुसतो.

खाराचं पाणी गाळून घेतलं की ते दिसतं काळपट तांबडं, चहाचा चोथा पिळावा तसं. यातून काही निघेल असं वाटत नाही.

आता लिंबू.

(दृश्य : जवळून. परातीत लिंबाचा रस पडतो. निवेदन थांबतं.)

फेस खाली बसू द्या.

खारात सुटलेलं लाल आंबटाने पुन्हा मोकळं होतं आणि समोर जे सूत सापडेल त्याला जाऊन बिलगतं. तुरटी लागत नाही, लोखंड लागत नाही. पांढरी मलमल भिजवून, पिळून, सोडली परातीत. बाहेर काढली तेव्हा फिकट. पुन्हा बुडवली. तिसऱ्या बुडीला नऊवारीवर शोभेल असा गुलाबी. रात्रभर राहिली, तेव्हा सकाळी दांडीवर हे होतं.

हाच तो. कुसुंबी.

परातीत उरलेलं पाणी फेकायचं नाही. त्यात दुसरं फडकं टाकलं तर गुलाबाच्या आतल्या पाकळीसारखं निघतं. तिसरं टाकलं तर कांद्याच्या सालीखाली असतो तसा फिका गुलाबी. हळदीत आधी रंगवलेलं कापड कुसुंबात बुडवलं तर केशरी-लाल. निळीत रंगवलेलं बुडवलं तर जांभळा. एकाच फुलातून निघालेली ही सगळी माळ, आणि जुन्या रंगाऱ्याला प्रत्येकीसाठी किती बुड्या, किती आंबट, हे ठाऊक असायचं.

येवल्याहून रेशमाची एक लड आणली होती. तीही बुडवली. रेशीम सुतासारखं नाही. पिवळ्याचा अंश राहिला असेल तर तेही पकडतं, म्हणून लड तांबूस-नारिंगी निघाली. त्यावर जुनी युक्ती आहे. रंग आधी सुती कापडावर चढवायचा, मग खाराच्या पाण्यात त्याच कापडावरून उतरवून घ्यायचा. पिवळा गाळला जातो. त्या पाण्यात लिंबू पिळून मग रेशीम बुडवायचं. सूत इथे गाळणीचं काम करतं. ही दुसरी लड. पहिलीशेजारी ठेवून बघा.

कुसुंब उन्हात उडतो आणि साबणात पिवळट पडतो, हे खरं आहे. संस्कृत काव्यशास्त्राने तर प्रेमाच्या एका प्रकाराला कुसुंभराग म्हटलंय, जे शोभून दिसतं पण टिकत नाही. टिकणारं ते मंजिष्ठाराग, मंजिष्ठेच्या मुळाच्या पक्क्या लाल रंगावरून. रंगाऱ्याच्या अंगणातून शब्द उचलायला कवींना कमीपणा वाटला नव्हता. आणि उडालेला कुसुंबी लोक पुन्हा रंगवून घेत. दर वसंतात शेतात फूल येतच होतं.

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये भडक गुलाबी निघाला, आधी फुक्सिन, मग त्या वर्षी इटलीतल्या मॅजेंटा गावी झालेल्या लढाईवरून मॅजेंटा. स्वस्त, झटपट. पुढच्या काही दशकांत करडईच्या फुलांचा व्यापार बसला, रंगारी दुसऱ्या कामांना लागले.

पीक मात्र गेलेलं नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडईही काढली आहे, तिच्या पाकळ्या खुडताना हात फाटत नाहीत. तेलासाठी लावलेल्या प्रत्येक शेतात दाणा भरतो आणि पाकळी वाळून मातीत पडते. ती गोळा करणारं कुणी असेल तर येवल्याचा माग तिथून फार लांब नाही.

(दृश्य : पुन्हा सिन्नर. दुपार.)

मलमलचं ते पहिलं फडकं आम्ही आजींना नेऊन दिलं. तुमच्याच फुलाचा रंग आहे, म्हटलं.

त्यांनी ते उलटंपालटं केलं. मग वाकून एक बोंड खुडलं आणि फडक्यावर ठेवलं. नारिंगी फूल, खाली कुसुंबी.

(निवेदन नाही. आजींचे हात. वाऱ्याचा आवाज.)