पाऊस बागेवर, जोखीम कुणावर?

(नाशिक जिल्हा. खरड छाटणी झालेली द्राक्षबाग, वेलीचे उघडे ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या.)

द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड दिसतात दुसरीनंतर, पण ते धरणार की नाही याचा निकाल पहिलीनंतर लागतो. मे-जूनच्या कडक उन्हात, काडीवरच्या डोळ्याच्या आत, सूक्ष्म घड तयार होतो. ऊन नसेल तर डोळा फुटतो, पाला येतो, घड मात्र येत नाही. आला तरी जिरतो, त्याची बाळी, म्हणजे नुसता तणावा होतो.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला.

त्याआधीचीही वर्षं इथं कुणी विसरलेलं नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, ऐन काढणीत. २०१९ चा लांबलेला परतीचा पाऊस, ज्यात फुलोऱ्यातल्या बागांवर डाऊनी हा बुरशीसारखा रोग पसरला आणि घड कुजले. २६ नोव्हेंबर २०२३ ची निफाड तालुक्यातली गारपीट. हवामान बदल म्हणजे काय, हे निफाडमध्ये वेगळं शिकवावं लागत नाही.

या फिल्ममध्ये आम्हाला पाहायचा आहे पैसा. पाऊस पडला की पैसा कुणाच्या खिशातून जातो?

(शेतीसेवा केंद्र. काउंटरवर औषधांच्या बाटल्या.)

औषधवाल्याचा जात नाही. ढगाळ हवा आली की त्याची विक्री वाढते, कारण डाऊनीची फवारणी दिवसाआड करावी लागते. बँकेचं व्याज थांबत नाही. खोकी बनवणाऱ्याचे पैसे सुटतात. व्यापारी बागेत येतो, मणी चाखतो, गोडी मोजतो आणि मगच सौदा करतो. रात्री पाऊस झाला, मणी तडकले, तर सकाळी दर उतरतो किंवा सौदाच मोडतो. वर्षभराचा खर्च एकट्या बागायतदाराचा.

फळपीक विमा आहे. तो हवामान केंद्रातल्या नोंदींवर चालतो, आणि केंद्र असतं महसूल मंडळाचं, म्हणजे अनेक गावांना मिळून. पाऊस एका शिवारात पडतो, केंद्र दुसऱ्या. गारपिटीसाठी वेगळा हप्ता. विमा हवाच, पण त्याच्या जिवावर बाग उभी राहत नाही.

(मोहाडी, तालुका दिंडोरी. पॅकहाऊस.)

२०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत सीसीसी या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही अडचणीत आले. त्याच सुमारास विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी मोहाडीत शेतकऱ्यांचीच उत्पादक कंपनी उभी केली : सह्याद्री फार्म्स. आज ती देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते.

मोहाडीकडे आम्ही वळलो ते एका निर्णयासाठी. नाशिकचा भरवशाचा वाण थॉमसन. त्याचा मणी फुगवायला जीए या वाढसंजीवकाच्या पाण्यात घड बुडवावे लागतात (डिपिंग), विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, माणसं लागतात, आणि पाऊस लागला की पातळ सालीचा मणी तडकतो. सह्याद्रीनं कॅलिफोर्नियात पैदास झालेले ‘आरा’ मालिकेतले वाण परवाना घेऊन आणले. एकट्या शेतकऱ्यानं हे करायचं म्हटलं तर ते शक्यच नाही. परदेशी पेटंटधारकाशी बोलणी, रोपांचं विलगीकरण, चाचणी, रॉयल्टी, आणि नवी बाग फळाला येईपर्यंतची थांबणूक... हे काम कंपनीचंच.

इथं एक कुरकुर नोंदवायला हवी. पेटंटचा वाण म्हणजे रॉयल्टी, आणि काडी शेजाऱ्याला द्यायची सोय नाही. थॉमसनची काडी गावभर फिरली म्हणून तर नाशिक द्राक्षाचं झालं. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या वाणांत निर्यातदारांनी पैसा घातला, तर परदेशी पेटंटची ही गाठ थोडी सैल होईल असं आम्हाला वाटतं.

२०२२ मध्ये सह्याद्रीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. फळप्रक्रिया वाढवणं, पॅकहाऊस, आणि प्रक्रियेतल्या टाकाऊ मालातून वीज, अशी कामं त्यातून ठरली. हवामानाच्या हिशोबात प्रक्रियेचं महत्त्व फार. निर्यातीत न बसणाऱ्या फळाला कारखान्याचं दार असेल, तर ते पडेल भावात विकावं लागत नाही.

(प्लास्टिक आच्छादनाखालची बाग. वरून पाऊस.)

आणि हे प्लास्टिक. पाऊस पानावर पडत नाही, पान ओलं राहत नाही, म्हणून डाऊनी आटोक्यात राहतो. फवारण्या कमी होतात. पण सांगाड्यासह एकरी खर्च चार-पाच लाखांच्या घरात. खालची हवा कोंदट होते, तिचं वेगळं व्यवस्थापन, आणि काही वर्षांनी फाटलेल्या प्लास्टिकचं काय करायचं हा प्रश्न शिल्लकच. ज्याच्याकडे दोन एकर बाग आणि डोक्यावर आधीचं कर्ज, तो हे कसं घालणार?

इथं खरेदीदाराची खरी परीक्षा आहे. युरोपातल्या अनेक सुपरमार्केट साखळ्या द्राक्षातल्या औषधांच्या अंशावर कायद्याहून कडक मर्यादा घालतात. किती प्रमाण चालेल, शिवाय एकूण किती प्रकारची औषधं सापडली तर चालतील, तेही. ग्राहकासाठी चांगलंच. पण पावसाळी वर्षात बाग वाचवायची तर फवारण्या वाढतात. म्हणजे नियम त्यांचा, पाऊस आभाळाचा, आणि दोघांमधून वाट काढायची बागायतदारानं. त्या नियमाला पुरं पडण्याचा एक मार्ग आच्छादन आहे. मग त्याची किंमत द्राक्षाच्या दरात का नसावी?

कंपनीनं शेतकऱ्याला प्लास्टिक फुकट वाटावं असं आम्ही म्हणत नाही. वाटपाचे फोटो छान येतात, पुढच्या हंगामात कुणी फिरकत नाही. चार-पाच हंगामांचा खरेदी करार आणि त्यात एक किमान दर लिहून द्या. तो कागद दाखवून शेतकरी बँकेत उभा राहील, आणि बँकेलाही लांब मुदतीचं कर्ज देताना हातात काहीतरी असेल. पावसाच्या वर्षी मणी दोन मिलिमीटर लहान आला तर चालेल, हेही त्याच करारात बसू शकतं. मालाच्या आकाराचा नियम खरेदीदारानंच केलेला असतो.

(विरळणी करणाऱ्या बाया. पाठीमागं टेम्पो.)

छाटणी, विरळणी, डिपिंग करणारी बरीच माणसं जिल्ह्यातल्याच पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येतात. बागेचा घड जिरला की विरळणीचं काम नाही, आणि काम नाही तर रोज नाही. नुकसानीचा पंचनामा होतो तो बागेच्या मालकाच्या नावानं. खरेदीदार पॅकहाऊसमधल्या कामगारांची स्थिती तपासतात, त्यासाठी प्रमाणपत्रं मागतात. बुडालेल्या रोजाची दखलही त्याच तपासणीत घेता येईल.

तूर्त व्यवहार असा आहे : दर ठरतो फेब्रुवारीत, गोडी मोजून. आच्छादनाचा खर्च मात्र त्याआधी, गोडी छाटणीच्या वेळीच करून बसावं लागतं.