वेबर आला, डेल्कोचं काय?

[दृश्य: छत्रपती संभाजीनगरातलं एक जुनं गॅरेज. बॉनेट उघडलेली प्रीमियर पद्मिनी. आवाज: इंजिन आयडलिंगला.]

ही प्रीमियर पद्मिनी. मूळची फियाट 1100, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने रस्त्यावर आलेली. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडर. मराठवाड्यातल्या डॉक्टर-वकिलांच्या दारात एके काळी ही गाडी म्हणजे घरातलंच माणूस होतं. आज ज्यांच्याकडे ती शिल्लक आहे, ते तिला जिवापाड जपतात. आणि जपता जपता थोडी ताकद वाढवायचा मोहही होतो.

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. या गाडीचा मूळचा सिंगल बॅरल, म्हणजे एकाच नळ्याचा, सोलेक्स कार्ब्युरेटर मालकाने काढला. खाली ॲडॉप्टर प्लेट घालून त्या जागी डबल बॅरल वेबर बसवला, 32/36 डीजीव्ही. याचं एक बॅरल 32 मिलिमीटरचं, दुसरं 36चं. रोजच्या चालवण्यात पहिलंच काम करतं. पाय खोल दाबला की दुसरं उघडतं.

गाडी सेल्फ मारताच सुरू होते. पण चौथ्या गिअरला साठच्या वेगात ती जड वाटते. ॲव्हरेज पडलंय. आणि जालना रोडला लागलं की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. मालकाचा संशय जेटवर होता, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर. मिस्त्रींनी कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. ते वळले डेल्कोकडे, म्हणजे सिलिंडरना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे.

[दृश्य: डिस्ट्रिब्युटरची कॅप निघते. रोटर, पॉइंट, कंडेन्सर जवळून.]

सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडताक्षणी फुटत नाही. ते पेटत जातं, आणि दाब शिगेला पोचायला दोनएक मिलिसेकंद लागतात. इंजिन 800 आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम 5 अंश फिरतो. 3000 आरपीएमला तेवढ्याच वेळात 18 अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. हे काम डेल्कोच्या पोटातली दोन वजनं करतात. शाफ्ट जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारा स्विच, उघडणारा कॅम पुढे ढकलतात. शाफ्टचा वेग क्रँकच्या निम्मा, त्यामुळे डेल्कोत 10 अंश सरकले तर क्रँकवर 20 मोजायचे.

पण नुसत्या वेगावर हिशेब पूर्ण होत नाही. सपाट रस्त्यावर पाय हलका असतो, थ्रॉटल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पायाने उघडणारी पाकळी, थोडासाच उघडा असतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी भरतं, विरळ भरतं, आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी आणखी आधी हवी. इथे डेल्कोच्या बाजूची ती चपटी गोल डबी कामाला येते. आत रबराचा पडदा, त्याला दांडी, दांडीला पॉइंटची प्लेट. कार्ब्युरेटरकडून आलेल्या बारीक नळीतून व्हॅक्यूम लागला की पडदा ओढला जातो आणि प्लेट फिरते. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट मागे येते. चालकाच्या पायाची खबर डेल्कोला देणारी ही एकच नळी आहे.

[दृश्य: नळीचं मोकळं टोक. त्यात घुसवलेला स्क्रू.]

आणि या गाडीत वेबर बसवणाऱ्याने ती नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू घुसवून ठेवला होता. मग पिकअप कमी वाटला म्हणून अख्खा डेल्को फिरवून टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडली. हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो, आणि तो इंजिनाच्या मुळावर येतो. बॉडी फिरवली की सगळीकडेच ॲडव्हान्स वाढतो, नको तिथेही. मेच्या 42 अंशांत, चार माणसं बसवून चढ चढताना हेच टायमिंग पिस्टनवर हातोडा मारतं. नॉकिंगचा तो टकटक आवाज कानाआड केला तर पिस्टनची वाट लागते.

[दृश्य: मिस्त्री नळी तोंडात धरतात.]

डबी जिवंत आहे का, हे मिस्त्री तोंडाने तपासतात. नळीतून हवा ओढली, प्लेट टकन सरकली. मग नळीचं तोंड जिभेने बंद केलं. जीभ चिकटून राहिली.

"पडदा चांगलाय, बेटा. याला काही नको."

"मग चाचा, नळी मॅनिफोल्डला जोडू?"

"नाही. वेबरला दिलीय की जागा."

या 'नाही'त बरंच काही आहे. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणारा मार्ग. त्याचा व्हॅक्यूम थ्रॉटलच्या खालचा. आयडलिंगला तो भरपूर असतो. वेबरच्या अंगावरचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर आहे. आयडलला तिथे व्हॅक्यूम नसल्यात जमा, पाकळी उघडली की येतो. ही डबी तशाच जागेवरच्या व्हॅक्यूमसाठी बनलेली आहे.

फोक्सवॅगन बीटलवाल्यांना हा धडा जगभर मिळालाय. तिच्या काही जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनंच नव्हती, सगळा ॲडव्हान्स व्हॅक्यूमवर, तोही सोलेक्सच्या ठरलेल्या भोकातून. कार्ब्युरेटर बदलला की त्यांचा आधारच जायचा. मग बॉशचा 009 डिस्ट्रिब्युटर आला, नुसत्या वजनांचा. दोन-दोन वेबरच्या जोडीला तो चालून गेला. मूळच्या सोलेक्सवर मात्र पाय दाबताच गाडी क्षणभर गुदमरायची. पार्ट दोन्ही चांगले, जोडी चुकीची.

[दृश्य: टायमिंग लाइटचा उजेड पुलीच्या खुणेवर.]

नळी बंद ठेवून, टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा, लावून, मिस्त्री आधी वजनांचा ॲडव्हान्स पाहतात. वेग वाढेल तशी खूण सरकते. मग ते स्प्रिंग दाखवतात: एक ताणलेली, दुसरी जाड आणि तिचा फासा सैल. सुरुवातीला पहिलीच ओढ देते. वजनं बरीच बाहेर गेल्यावर दुसरी पकडते. वेबरने मधल्या वेगाला इंजिन जास्त भरायला लागलंय, म्हणून नळी जोडूनही चढावर टकटक येते का, ते पुन्हा ऐकावं लागेल.

[दृश्य: दौलताबादचा दिल्ली दरवाजा, पुढे खुलताबादचा घाट.]

दरवाज्यात एसटी अडकलेली. गाडी आयडलवर, आवाज एकसारखा. घाटाला तिसरा गिअर, पाय खोल. दुसऱ्या वळणावर हलकी टकटक येते. मिस्त्री गाडी बाजूला घ्यायला लावतात, क्लॅम्प ढिला करून डेल्को केसभर मागे फिरवतात. पुन्हा चढ. टकटक गेली.

जेटचा नंबर आता लागेल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, तेव्हा मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग पाहायचं ठरलंय. तुमच्या गाडीला बाहेरचा कार्ब्युरेटर घालणार असाल, तर पैसे देण्याआधी त्यावर व्हॅक्यूमची नळी कुठे बसते आणि ते भोक पाकळीच्या वर आहे की खाली, एवढं नक्की बघा.