राखेखालचं प्लिमथ आणि ते आठवणारी माणसं

नमस्कार मंडळी. आज ज्या बेटाबद्दल बोलायचंय त्याचं नाव माँटसेराट. वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, अँटिग्वा एवढीच नावं आठवतात, तीही क्रिकेटमुळे, आणि माँटसेराटचा पहिला खेळाडू वेस्ट इंडीजकडून टेस्ट खेळला तोच मुळी २००८ मध्ये, लायोनेल बेकर. त्यामुळे नाव ऐकलेलं नसेल तर काही बिघडत नाही. अँटिग्वाच्या नैऋत्येला साधारण १६ किलोमीटर लांब, ११ किलोमीटर रुंद असं हे बेट, अजूनही ब्रिटनच्या ताब्यात. १६३२ पासून तिथं आयरिश लोक येऊन राहिले, मग ऊस आला, उसासाठी आफ्रिकेतून गुलाम करून माणसं आणली, आज बेटावरचे बहुतेक लोक त्यांचेच वंशज, आणि आडनावं मात्र रायली, स्वीनी, फॅरेल अशी. राजधानी प्लिमथ. कागदोपत्री आजही तीच राजधानी आहे, फक्त तिथं एकही माणूस राहत नाही.

का ते थोडक्यात सांगते. आपला सह्याद्री लाव्ह्याचाच आहे, पण तो पातळ, लांबवर पसरत गेलेला लाव्हा. माँटसेराटच्या सूफ्रिएर हिल्सचा लाव्हा घट्ट, तो फारसा वाहत नाही, तोंडाशीच साचून त्याचा घुमट तयार होतो आणि घुमट ढासळला की तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोट उतारावरून सुटतो, त्याच्यापुढे पळून कोणी वाचत नाही. हा डोंगर कोणाच्याच आजोबा-पणजोबांच्या आठवणीत कधी फुटला नव्हता. १८ जुलै १९९५ ला तो जागा झाला. २१ ऑगस्टला प्लिमथवर राखेचा ढग आला आणि दिवसाढवळ्या इतका काळोख झाला की समोरचा माणूस दिसेना. गाव खाली केलं, लोक परत आले, डिसेंबरमध्ये पुन्हा खाली केलं, पुन्हा आले, आणि ३ एप्रिल १९९६ ला निघाले ते कायमचेच. पण तेव्हा हे कायमचं आहे असं त्यांना कुठं माहीत होतं? आधी दोनदा परतलेच होते ना. म्हणून लोक चार कपडे, औषधं, पोरांची दप्तरं एवढंच घेऊन निघाले, आणि लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, आईवडिलांचा भिंतीवरचा एकुलता एक फोटो, सगळं घरातच राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२५ जून १९९७ ला अशाच लोटात १९ माणसं दगावली. त्यातले बरेचसे बंदी असलेल्या भागात शेतीवर होते. लोक म्हणतात, सांगितलं होतं ना जाऊ नका, मग का गेले. अहो, उत्तरेला शाळांमध्ये, चर्चमध्ये पडदे लावून महिनोन्‌महिने कुटुंबं राहत होती, आणि गाजर-बटाटा पिकवणारी चांगली जमीन सगळी डोंगराच्या बाजूला. पीक शेतात उभं आहे आणि शेतकरी ते सोडून देईल, असं शेती न केलेला माणूसच म्हणू शकतो. त्याच ऑगस्टमध्ये प्लिमथ जळालं, सप्टेंबरमध्ये विमानतळ गेला. ज्वालामुखीच्या आधी साडेदहा हजारांच्या आसपास वस्ती होती, १९९८ पर्यंत तीन हजारांच्या आसपास उरली. बाकीचे अँटिग्वाला, इंग्लंडला, थोडे अमेरिकेला.

आता मुद्द्याकडे येते. मी इंग्लंडमध्ये नोकरीला होते तेव्हा लंडनच्या हॅकनी भागात राहत होते, आणि तिथं माँटसेराटची माणसं १९५० च्या दशकापासून आहेत, ज्वालामुखीनंतर अजून आली. आमच्या शेजारी एक आंटी होत्या, त्यांच्यामुळे मी या लोकांच्या बैठकांना जायला लागले आणि पुढं बेटावरही जाऊन आले. जे दिसलं ते असं, की बेटाच्या आठवणी दोन प्रकारची माणसं सांगतात आणि दोघांचं बेट वेगळं असतं.

पहिले पाहुणे. १९६० च्या दशकात मुख्यमंत्री विल्यम ब्रॅम्बल यांच्या काळात परदेशी लोकांना जमिनी विकायला सुरुवात झाली, कॅनडा, अमेरिका, ब्रिटनचे निवृत्त लोक ओल्ड टाउन, रिचमंड हिल अशा ठिकाणी बंगले बांधून हिवाळ्यात येऊन राहायला लागले. स्नोबर्ड्स म्हणतात त्यांना. मग १९७९ मध्ये बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी एअर स्टुडिओ काढला आणि दहा वर्षं जगातले मोठमोठे बँड तिथं रेकॉर्डिंगला येत होते, 'द पोलीस' नावाचा बँड, डायर स्ट्रेट्स, एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी, शेवटी रोलिंग स्टोन्स. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्युगो वादळ आलं, बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं उडाली आणि स्टुडिओ बंद पडला तो कायमचा. आज नेटवर माँटसेराट शोधलंत तर दोनच गोष्टी सापडतात, हे गायक आणि राखेत पुरलेलं प्लिमथचं घड्याळाचं टॉवर. मला याचं खरंच वाईट वाटतं. कारण ज्यांचं ते गाव, त्यांच्या आठवणीत टॉवर असा वेगळा नाहीच, ते फक्त 'टाउन' म्हणतात आणि टाउन म्हणजे शनिवारचा बाजार, बंदराच्या बाजूची स्ट्रँड स्ट्रीट, पार्लमेंट स्ट्रीटवरची दुकानं, स्टर्ज पार्कवरची क्रिकेटची मॅच. सोका म्हणजे कॅरिबियनमधलं नाचाचं संगीत, त्याचा जगप्रसिद्ध गायक अ‍ॅरो तिथलाच, पण गावातल्या कितीतरी जणांना तो आधी आठवतो तो त्याच्या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानामुळे, कोणाची लग्नाची पँट तिथली, कोणाचा पहिला शर्ट.

एकच गोष्ट दोघं कशी सांगतात बघा. तिथं एक भलामोठा बेडूक असायचा, त्याला माउंटन चिकन म्हणतात. पाहुणा सांगतो हॉटेलात तळून खाल्ला, चिकनसारखाच लागला. गावचा माणूस सांगतो रात्री पाऊस पडून गेल्यावर काका-मामांबरोबर टॉर्च घेऊन घळीत उतरायचो, हुंकारासारखा आवाज यायचा त्या दिशेनं जायचो, आणि पहिला बेडूक हातातून निसटला तेव्हा काका काय बोलले. आता त्यातले उरलेत थोडेच, २००९ मध्ये बुरशीचा रोग आला, त्यात सगळं संपत आलं. तसंच १७ मार्चचं. बाहेरचा माणूस म्हणतो वा, आयरिश सण, हिरवे कपडे घालून नाचा. तिथल्या माणसाला १७ मार्च १७६८ आठवतो, मळ्यांचे मालक सेंट पॅट्रिकच्या दिवशी पिण्यात दंग असतील तेव्हा उठाव करायचा असं गुलामांनी ठरवलं होतं, कट फुटला, म्होरक्यांना फासावर दिलं. १९८५ पासून त्या दिवशी सरकारी सुट्टी असते ती त्यांच्यासाठी.

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल की पाहुण्यांच्या आठवणी म्हणजे वरवरच्या, त्या बाजूला ठेवाव्यात. मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं, पण एका संध्याकाळी हॅकनीच्या हॉलमध्ये जे बघितलं त्यानं माझं मत बदललं, ते जरा सविस्तर सांगते.

एक इंग्रज जोडपं आलं होतं, दोघं खूप वयस्कर, बेटावर त्यांचं घर होतं बरीच वर्षं. स्लाइड प्रोजेक्टर आणला होता, स्लाइडचे डबे आणले होते. सुरुवातीला आपलं नेहमीचंच, समुद्र, सूर्यास्त, त्यांच्या बागेतली फुलं, ग्रेट आल्प्स धबधब्यापाशी पिकनिक, लोक हं हं करत बघत होते. मग एक स्लाइड आली. बाई टॉवरसमोर उभ्या, डोक्यावर मोठी हॅट, नवऱ्यानं हौसेनं काढलेला फोटो. आणि हॉलमध्ये एकदम गलका झाला. थांबा, थांबा, पुढं नका जाऊ. कोणीही त्या बाईंकडे बघत नव्हतं! सगळे मागं बघत होते. मागं रस्ता होता, उघडी निळी दारं, एका दारात खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, ट्रेमध्ये पाव घेऊन चाललेली मुलगी, हातगाडी. माणसं उठून पडद्यापाशी गेली, बोट लावून सांगायला लागली, ही अमक्याची मुलगी, नाही, तिची धाकटी बहीण, अगं ती तर तेव्हा अँटिग्वाला होती. बँक आधी का फार्मसी आधी यावर दोन म्हाताऱ्यांचं असं जुंपलं की मधे पडावं लागलं. आमच्या आंटी एरवी खूप बोलणाऱ्या, त्या गप्प पडद्याजवळ उभ्या, मग म्हणाल्या, ती जाळीची खिडकी आमची. घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता, १९९६ पासून नव्हता, आणि कोणा अनोळखी बाईच्या हॅटच्या मागं अर्धी खिडकी सापडली. त्या जोडप्यानं नंतर त्या स्लाइडच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या, आणि बाकीचे डबेही पुन्हा चाळले, या वेळी फक्त मागची बाजू बघायची म्हणून.

आपण आपल्या रोजच्या रस्त्याचा फोटो कधी काढतो का? नाही ना. रोजचं ते रोजचं, त्याचा फोटो काढतो तो पाहुणा, आणि त्याला काय काढलंय ते कळतच नाही. नाव, नातं, कोण कोणाशी बोलत नव्हतं, ते सगळं गावच्या माणसाकडे. म्हणून माझं म्हणणं आहे की हे दोघं एका खोलीत बसले पाहिजेत. नुसत्या पाहुण्यांवर सोडलं तर बेट पोस्टकार्ड होऊन जातं, आणि नुसतं गावच्या लोकांवर सोडलं तर, वय होतंय हो त्यांचं, बँक आधी का फार्मसी आधी हे ठरवायला काही वर्षांनी कोणी उरणार नाही.

आणि काही आठवणी अशा आहेत ज्या पाहुण्यांकडे नाहीतच. रेडिओची आठवण घ्या. झेडजेबी रेडिओ माँटसेराट, आणि त्यावर रोझ विलॉक यांचा आवाज. राख पडत असताना, दिवे गेलेले असताना बॅटरीवरच्या रेडिओवर त्या सांगायच्या कुठला रस्ता चालू आहे, कुठल्या शाळेत जागा आहे, कोण कोणाला शोधतंय. लंडनमध्ये आजही त्यांचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणून आदरानं बोलतात. अपमानाचीही आठवण आहे. १९९७ मध्ये लोक मदत मागत होते तेव्हा ब्रिटिश मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या होत्या की हे आता सोन्याचे हत्ती मागतील. बेटावरच्या कोणालाही विचारा, हे वाक्य पाठ आहे. काही जण तर राखेखाली गेलेल्या घराचे कर्जाचे हप्ते फेडत होते त्या वेळी. अमेरिकेत गेलेल्या थोड्या लोकांना तात्पुरतं राहायची परवानगी मिळाली होती, ती २००५ मध्ये काढून घेतली, कारण काय, तर ज्वालामुखी अजून कित्येक वर्षं चालेलसं दिसतंय, म्हणजे संकट आता 'तात्पुरतं' उरलं नाही. घर परत मिळणार नाही, हेच कारण दाखवून राहायची सोयही काढून घेतली! माझा तर हे वाचून संताप झाला होता.

बरं, चिठ्ठीवर प्रश्न आलाय, लोक परत गेले का. काही गेले. आता वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, सगळी उत्तरेला, कारभार ब्रेड्समधून चालतो, लिटल बे या ठिकाणी बंदर आणि नवीन गाव वसवायचं काम चाललंय, तिथं जॉर्ज मार्टिन यांच्या मदतीनं उभं राहिलेलं सांस्कृतिक केंद्रही आहे. २०१० च्या फेब्रुवारीनंतर मोठा लोट आलेला नाही, तरी वेधशाळेचं लक्ष रोज असतं. प्लिमथमध्ये परत राहायला जाणं मात्र नाहीच. राख पावसानं भिजून सिमेंटसारखी घट्ट झालीय, दुमजली घरांचे वरचे मजलेच काय ते वर दिसतात.

दुसरा प्रश्न, आपल्याला जाता येईल का. येईल की. अँटिग्वापर्यंत मोठं विमान, तिथून छोटं विमान, वीस मिनिटांत उतरतं, २००५ मध्ये उघडलेली आखूड धावपट्टी आहे. जायचंच तर मार्चच्या मध्यावर जा, तेव्हा लंडनची, बोस्टनची मंडळी घरी आलेली असतात, लाकडाच्या चुलीवर मोठ्या हंड्यात बकऱ्याचा रस्सा शिजत असतो, गोट वॉटर म्हणतात त्याला, लग्न असो मयत असो, तो असतोच. बंदी असलेल्या भागात परवानगी काढून, परवानाधारक गाईडबरोबरच सोडतात. गाईड शक्यतो पन्नाशीच्या पुढचा बघा, आणि टॉवर कुठाय हे विचारण्याऐवजी तुम्ही कुठं राहत होतात ते विचारा. मग त्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवू नका, कारण तो गाडी थांबवून खाली उतरतो आणि गल्ली दर गल्ली सांगायला लागतो.